पाच वेळा तोच आकडा

११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील तर अर्धी लढाई मी जिंकलो. पत्ता तुझ्या मावशीने दिला. सुखासुखी नाही दिला. आधी अर्धा तास माझी बिनपाण्याने केली, मग म्हणाली, "भावजी, देते. पण पोरीला उपदेश लिहिलात तर पुन्हा माझ्या दारात उभं राहायचं नाही." आता उपदेश करायला माझ्याकडे शिल्लक आहे काय, सांग. चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा पुसल्या, स्टँड लावले, मुलांनी फोडलेल्या नळ्या गोळा केल्या. त्यातून निघेल तेवढीच अक्कल.

मी बरा आहे. हे लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं, कारण ते पूर्ण खरं नाही. गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर आली. पडलो नाही, कठडा धरून तिथंच बसलो. वरच्या मजल्यावरचा शिंपी खाली उतरत होता, तो मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणजे बाई आहेत, तुझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी रक्तदाब मोजायचं मशीन घ्यायला लावलं. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायचं, तीस दिवस, आणि तक्ता करून आणायचा.

तक्ता म्हटल्यावर माझ्यात काय संचारतं ते तुला माहीत आहे. पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं, रकाने आखले. असा देखणा कागद तयार झाला की भिंतीवर लावावा. महिन्याने तो घेऊन ऐटीत गेलो. बाईंनी पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, हा एका बैठकीत भरलात ना?"

"नाही हो, रोजच्या रोज."

"साठ वेळा मोजलं आणि साठही वेळा एकशे तीस-ऐंशी? काका, जिवंत माणसाचं असं नसतं."

मी कबूल केलं. मोजायचो रोज, शप्पथ. पण मशीन कधी एकशे बावन्न दाखवायचं, कधी एकशे अठरा. मला वाटायचं, मशीनच येडं आहे. मग साधारण मधला बरा आकडा धरून लिहायचो. बाई शांतपणे म्हणाल्या, "मशीन चुकतंय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमच्या या सुंदर कागदावर विसंबून मी आज गोळी दिली नसती. आणि पुढच्या वेळी तुम्ही जिन्यात बसला नसता, गडगडत खाली गेला असतात."

माझे कान तापले. जिवंत माणसाचं असं नसतं. अशाच अर्थाचं वाक्य मी आयुष्यात एकदा आधी ऐकलं होतं, तेव्हा तूही त्या खोलीत होतीस. तो बाहेरून आलेला परीक्षक, त्याने तुझी वही माझ्यासमोर धरून म्हटलं होतं, "हाताने घड्याळ दाबणाऱ्या माणसाला निसर्ग पाच वेळा तोच आकडा देत नाही." त्या माणसाने तुझ्यावर डूख धरला होता असं मी तेरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. कॉपीला एक वर्षाची बंदी असते. तुला तीन वर्षं. डूख नाही तर काय?

असो. आता पुन्हा तीस दिवस मोजायचंय, आणि दिसेल तेच लिहायचंय. उत्तर पाठव, चार ओळींचं चालेल.

बाबा


२५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितोय.

पहिले चार दिवस झाल्यावर मी मनाशी म्हटलं, पोरीला लिहायचंच नाही. मग वाटलं, थांब म्हाताऱ्या, पत्राला जायला-यायला किती दिवस लागतात ते तुला ठाऊक आहे का? नाही. मग निकाल कशाच्या जोरावर लावतोस? म्हणून एक उद्योग केला. स्वतःच्याच नावाने पाच कार्डं लिहिली आणि रोज एक, आपल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. इथल्या इथे, दोन गल्ल्यांचं अंतर. पहिलं दोन दिवसांनी आलं. दुसरं तीन, तिसरं पुन्हा दोन, चौथं सहा. पाचवं अजून आलेलं नाही. आता बोल! इथल्या इथे ही तऱ्हा, तर तुझ्या गावापर्यंत काय होत असेल. तेव्हा चौदा दिवसांच्या शांततेवरून काहीही सिद्ध होत नाही, असं मी ठरवलंय. निदान सकाळी तरी तसं वाटतं.

पोस्टमन चौथं कार्ड देताना म्हणाला, "काका, स्वतःलाच पत्रं लिहिता?"

"प्रयोग चाललाय."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

तो हसला. बरा माणूस आहे. त्या दिवशी माझ्याशी बोललेला तो एकटाच, आणि परवा तर तोही नाही, कारण रविवार होता. तुझी आई होती तेव्हा घरात बोलणं कमी असायचं असं मला वाटायचं. आता कळतं, ती दिवसभर बोलायची, मीच ऐकत नव्हतो. चार वर्षांपूर्वी तू तिच्यासाठी एका दिवसापुरती आलीस, तिचे कप घासून ठेवलेस आणि जाताना मला एकच वाक्य बोललीस, "गॅस बंद करत जा." मी करतो. झोपण्याआधी दोनदा बघतो.

आता रक्तदाबाचं. आकडे नाचतात नुसते. एकशे अठ्ठावीस, एकशे सेहेचाळीस, एकशे एकवीस. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं बाकी होतं, इतका तो कागद कुरूप दिसत होता. मग माझ्या लक्षात आलं की अकराच्या सुमारास मोजलं की आकडा वर जातो. अकराला काय असतं? पोस्टमन! मी धावत डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, कारण सापडलं, मला टपालाचा आजार आहे.

त्या हसल्या नाहीत. "किती वेळा मोजलंत अकराला?"

"चार वेळा."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली नाही, हे कशावरून? आणि तुम्ही दहा पंचावन्नला तीन जिने उतरून खालची टपालपेटी बघून येता, ते?"

ते मी धरलंच नव्हतं. आता पेटी बघायच्या दिवशीही मोजतो, रविवारीही मोजतो, जिना उतरून नुसता परत येतो तेव्हाही मोजतो. वरचा शिंपी म्हणतो, काकांचं डोकं फिरलंय. फिरू दे. दिवस जातो.

एक गोष्ट मावशीच्या तोंडून निसटली, म्हणून तिला बोलू नकोस. तू जिथं तराजू, थर्मामीटर तपासतेस तिथं कायमची जागा निघाली आहे म्हणे, आणि अर्जावर एक प्रश्न आहे: कधी परीक्षेला बसायला बंदी झाली होती का? सात वर्षं तू तिथं हंगामी आहेस ती त्या एका प्रश्नामुळे. तीनदा अर्ज केलास, तीनदा 'होय' लिहिलंस, तीनदा परत आला. या वेळी मार्चअखेर मुदत आहे. मावशी म्हणाली, "तिला म्हटलं, 'नाही' लिही, कोण बघायला येतंय! तर म्हणते, आकडा असेल तो लिहायचा."

ते ऐकून मी फोन ठेवला.

बाबा


९ मार्च

भिंगरी,

आज आडवळणाने लिहीत नाही. आकडा मी सांगितला होता.

हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला माहीत नाही. तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही. तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी कानावर हात ठेवले.

मुलं मला मामा म्हणायची. "मामा, आकडा काय?" एवढंच कानात विचारायची आणि मी हळूच सांगायचो. कुठल्या स्टँडवर काय यायला हवं ते सर मंडळींपेक्षा मला पाठ. मी ना धड शिकलेलो ना धड अडाणी. ती पोरं पुढे इंजिनिअर झाली, रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करतात. मला वाटायचं, मी त्यांना मदत करतोय. लंबकाचा एक मीटरचा दोरा, वीस झोके, चाळीस पूर्णांक एक दशांश सेकंद. हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही.

परीक्षेच्या त्या दिवशी तुझ्या स्टँडच्या चिमट्यात दोरा सारखा सरकतोय असं तुला वाटत होतं. तू पुन्हा पुन्हा घट्ट करत होतीस. वेळ संपत आली होती. मी टेबलापाशी आलो तर तुझ्या डोळ्यांत पाणी. म्हणालीस, "बाबा, दर वेळी वेगळंच येतंय." मी वही पाहिली. खरंच एकही आकडा दुसऱ्यासारखा नव्हता. मला वाटलं, पोरगी घाबरून चुकतेय. माझी पोरगी, आणि माझ्याच खोलीत नापास होणार! मी म्हटलं, "ते खोड. चाळीस पूर्णांक एक लिही."

बाकीची पोरं चलाख. आकडा ऐकला की एक थोडा वर, एक थोडा खाली करून लिहायची, खरा वाटावा म्हणून. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. तू भोळी. बापाने सांगितलं तो आकडा जसाच्या तसा लिहिलास, पाच वेळा. तुझा बापावर विश्वास होता म्हणून तू पकडली गेलीस. बाकी सगळे चोर सुटले.

डॉक्टरीणबाईंनी मला काल माझाच नवा तक्ता समजावला. एकेका आकड्याकडे बघू नका म्हणाल्या. सगळ्यात वर किती जातो, सगळ्यात खाली किती येतो, आणि बहुतेक वेळा कुठे घुटमळतो, ते बघा. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच शितावरून नाही. आणि आकडे मागेपुढे होतात म्हणजे कुणी चुकतंय असं नाही, हात आहे, श्वास आहे, मशीन आहे, ते हलणारच. "आकडे हलत नसतील तर मला भीती वाटते," असं म्हणाल्या. मी मान हलवत होतो आणि मला डोळ्यांसमोर तुझी वही दिसत होती. चौतीस वर्षं त्या खोलीत काढून ही साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मी 'येतंय' यापेक्षा 'यायला हवं' याच्या मागे लागलो होतो.

मी एवढं मात्र सांगतो, चौकशी समितीपुढे मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही. उलट तुझीच बाजू घेतली. मला आत बोलावलं तेव्हा छातीठोकपणे म्हटलं, "मी पूर्ण वेळ तिथंच होतो, तिला कुणी काही सांगितलेलं नाही." खोटं होतं, पण तुझ्यासाठी होतं. थोडं नोकरीसाठीही होतं, तेही लिहून टाकतो. घरी आल्यावर मी तुला हे सांगितलं, तेव्हा तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मी नजर खाली घातली. महिन्याभरात तू गेलीस. एवढं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. तीन वर्षं वाया गेल्याचा राग असेल, असं समजत आलो.

मी कॉलेजात जाणार आहे. आकडा मी सांगितला हे लिहून देणार आहे. तुझ्या अर्जाच्या मुदतीआधी त्यांनी काहीतरी कागद द्यावा, एवढंच मागणार आहे. भीती वाटते. त्या इमारतीत मला अजून मामा म्हणतात.

बाबा


२० मार्च

भिंगरी,

काल जाऊन आलो. आज सकाळपासून चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा उठलो.

आता तिथं प्राचार्य बाई आहेत. मला ओळखत नाहीत, म्हणून बरं झालं. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही "अरेरे" म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेरा वर्षांनी समिती काय करेल याचं वचन मी देऊ शकत नाही. पण तुम्ही लिहून द्या, मी पुढे ठेवते." आणि कारकुनाला जुनी फाईल काढायला लावली. कारकून कुरकुरत गेला आणि तासाभराने धुळीने माखून परत आला. बाईंनी फाईल माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "आधी वाचा, मग लिहा. नेता येणार नाही, इथंच बसून बघा."

सगळ्यात वर तुझी वही होती. चाळीस पूर्णांक एक, पाच वेळा, सुबक अक्षरात. आणि त्याच्या वर खोडलेले पाच आकडे, एकच आडवी रेघ मारलेले, त्यामुळे वाचता येत होते. एकोणचाळीस पूर्णांक सात. चाळीस पूर्णांक सहा. चाळीस. चाळीस पूर्णांक चार. एकोणचाळीस पूर्णांक नऊ. मी कारकुनाकडून कागद मागून घेतला आणि बेरीज केली, पाचाने भागलं. मग पुन्हा केली, कारण विश्वास बसेना. चाळीस पूर्णांक बारा शतांश. दोरा सरकत नव्हता गं. तू घाबरलेली होतीस, हात हलत होता, घड्याळ थोडं मागेपुढे दाबलं जात होतं, पण तू बरोबर होतीस. पाचही आकडे मिळून बरोबर होते. तसेच ठेवले असतेस तर तू पहिल्या वर्गात पास झाली असतीस. मी येऊन ते खोडायला लावले.

हे वाचून मी उठलो असतो तर बरं झालं असतं. पण खाली आणखी कागद होते.

तुझा जबाब होता. मला वाटायचं, तुला त्यांनी काही विचारलंच नसेल. मी बाहेर बाकावर बसलो होतो, तू आधी आत गेली होतीस. तुला विचारलं होतं, आकडा वडिलांनी सांगितला का? तू लिहिलंयस, "माझे बाबा त्या वेळी खोलीत नव्हते. ते खडू आणायला मुख्य इमारतीत गेले होते. वहीत लिहिलं ते माझ्या मनाने लिहिलं." खाली तुझी सही.

आणि त्याला लागून माझा जबाब. "मी पूर्ण वेळ तिथंच होतो."

त्याखाली परीक्षकाचा शेरा आहे, लाल शाईत. तो मी शब्दन् शब्द उतरवून आणला. "विद्यार्थिनी भेदरलेली आहे, वय लहान. एक वर्षाची बंदी पुरेशी, असं माझं मत." म्हणजे ज्याने डूख धरला असं मी तेरा वर्षं सांगत फिरलो, तो तुझ्यासाठी दया मागत होता. आणि त्याखाली समितीचा निर्णय. "प्रयोगशाळा सेवक बावीस वर्षं सेवेत असून त्यांचा जबाब विश्वासार्ह आहे. वडील गैरहजर होते असं सांगून विद्यार्थिनीने समितीची दिशाभूल केली. कॉपीबद्दल एक वर्ष आणि खोट्या जबाबाबद्दल दोन, अशी तीन वर्षं बंदी."

तू मला वाचवायला मला खोलीबाहेर काढलंस. मी स्वतःला वाचवायला आत येऊन उभा राहिलो. त्यांच्यापुढे दोन कागद होते, त्यातला एक खोटा असणार एवढं त्यांना दिसलं. दोन्ही खोटे असतील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बापावर विश्वास ठेवला त्यांनी.

आणि मग घरी येऊन मी तुला म्हटलं, मी तुझीच बाजू घेतली. तुला तेव्हा निकाल कळला होता ना? कारण कळलं होतं ना? म्हणून तशी बघत होतीस. पोरी, तू एक शब्द का नाही बोललीस? आईला तरी सांगायचंस. माझ्या तोंडावर सांगायचंस. तेरा वर्षं तू ते एकटीने वागवलंस आणि मी इथं लोकांच्या सहानुभूतीचा चहा पीत बसलो. मला स्वतःची फार लाज वाटते. आणि तुझी फार आठवण येते, रोज येते, हे मी आधीच्या एकाही पत्रात लिहिलं नाही.

तू उत्तर दे किंवा देऊ नकोस. आता मी दिवस मोजणार नाही.

प्राचार्य बाईंनी कागद पुढे केला. मी लिहिलं की मी खोलीतच होतो. मुलीने काढलेले आकडे बरोबर होते. ते खोडायला मी लावलं, आकडा मी सांगितला, आणि नंतर समितीपुढे खोटं मी बोललो. तिने केलेलं एकमेव खोटं विधान माझ्यासाठी होतं, तेही माझ्या नावावर लिहावं. खाली सही केली. सही पार वाकडी गेली, रेघेच्या खाली उतरली, ओळखू येईना.

बाई म्हणाल्या, "दुसरा कागद देऊ का? नीट करा सावकाश."

मी म्हटलं, "नको. आली तशी राहू द्या."

बाबा